लंगडण्याची तारीख

एदुविखिस ओयार्सून यांच्या कचेरीत मी अहवाल टाइप करतो.
कचेरी म्हणजे वालपाराइसोच्या टेकडीवर
चांभाराच्या दुकानावरची पत्र्याची खोली.
खाली बंदर. भोंगा झाला की काच थरथरते
आणि माझी एक ओळ वाकडी जाते.

बाई विशेषणं खोडतात.
'घाबरलेला इसम' लिहिलं की पेन्सिल येते:
कशावरून? घाम होता तर घाम लिही.
आणि त्या दिवशी ऊन होतं का, तेही.

ओतिलिया आली ती पावाची पिशवी घेऊन.
भाऊ निबाल्दो, कागदाच्या गोदामाचा पहारेकरी;
गोदाम जाळलं म्हणून नऊ वर्षं,
त्यातली चार भोगून झालेली.
"तो तसा नाही हो."
बाईंनी मान हलवली. हे वाक्य मी टाइप केलं नाही.
प्रत्येकाची बहीण हेच म्हणते,
कधीकधी ते खरंही असतं.

साक्षीदार एकच. क्लोरिंदा, वय अठ्ठ्याहत्तर.
रात्री दहा वीसला खिडकीतून
तिनं त्याला जिना उतरताना पाहिलं.
दोन वकील, एक न्यायाधीश,
त्या खिडकीशी बसलं कोणीच नव्हतं.

बाई बसल्या. सलग तीन रात्री,
गुडघ्याला लोकरी पट्टी, एकशे त्रेसष्ट पायऱ्या चढून.
शेजारच्या पत्र्याची वळचण पुढे आलेली.
मला जिन्यावर धाडलं, वर, खाली, सात वेळा,
माझ्यामागे गल्लीतली तीन कुत्री.
"आता कोण गेलं?" बाईंनी विचारलं.
"बूट गेले," म्हातारी म्हणाली,
आणि स्वतःच गप्प झाली.

मग चहा ओतता ओतता:
"पण लंगडत होता. उजवा पाय.
ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

शितावरून भाताची परीक्षा, म्हणतात.
बाई शीत बाजूला ठेवतात
आणि विचारतात, तांदूळ वैरला कधी?

इस्पितळाचं तळघर, ओलीनं फुगलेली फडताळं,
दोन दिवस शिंका.
तिसऱ्या दिवशी चिठ्ठी: उजवा घोटा, प्लास्टर, तारीख चौदा.
आग अकराची. अटक तेराची, त्याच जिन्यावर.
पोलिसांच्या कागदात एकच शब्द: 'पडला'.
बाईंनी पेन्सिलीनं एक काना दिला.
पाडला.
बराच वेळ पाहिलं. मग काना खोडला.
पुरावा नव्हता.

पण अकराच्या रात्री
निबाल्दोचे दोन्ही पाय धड होते.
म्हातारीच्या पहिल्या जबाबात लंगडणं नाहीच.
'काळे बूट', एवढंच.
लंगडणारा माणूस तिला दिसला कोर्टात, पाच महिन्यांनी,
हाड वाकडं जुळलेला;
आणि आठवण गुपचूप मागे गेली,
त्या बुटांना तिनं ती चाल शिकवली.

"म्हणजे खोटारडी!" ओतिलिया ताडकन उठली.
"बसा," बाई म्हणाल्या.
"बूट खरे. लंगडणं खरं. तारखा तेवढ्या मिसळल्या."
मग माझ्याकडे पाहिलं.
तो शब्द मी टाइप केलाच नव्हता.
विशेषण होतं.

शेवटचं कलम: आग कोणी लावली?
मी जागा कोरी सोडली.
"कोरी का? लिही, माहीत नाही."
बिलातून त्यांनी तिसऱ्या रात्रीचे पैसे वजा केले.
का, ते मला सांगितलं नाही.
पावाची पिशवी मात्र ठेवून घेतली.

कागद आता वरच्या कोर्टात आहेत.

परवा उशिरा तो जिना एकटाच उतरत होतो.
स्वतःच्या पावलांचा आवाज आला:
उजवं किंचित उशिरा पडतं.
कधीपासून,
शपथेवर सांगता येणार नाही.