पाणी दुसऱ्याच्या आडाचं

जत तालुक्यात, बोर नदीच्या अलीकडं,
निंगव्वा बिरादारच्या दीड एकरात
मी सुतळीचे चौकोन आखले, मीटर बाय मीटर,
चार खुंट्या, पत्र्याच्या तुकड्यावर नंबर.
ज्वारी गुडघ्याएवढी. मातीत ओल होती
तरी पानं गुंडाळलेली, तहानल्यागत.
"आलाय बघ तम्मा," ती म्हणाली,
"दिसंना अजून. पण आलाय."

वीस दिवसांनी बुडख्यापाशी टारफुला वर आला.
वीतभर दांडी, खरखरीत पान,
ज्वारीच्या लाहीएवढं पांढरं फूल.

मी तिला पाठ असलेलं सांगितलं:
याचं बी तपकिरीसारखं, चिमटीत हजारो.
वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं,
पाऊस येतो जातो, ते उठत नाही.
मग कधीतरी ज्वारीचं मूळ भुकेजतं
आणि बुरशीला हाक घालतं:
ये, स्फुरद आण, मी साखर देते.
हाक दुसऱ्यालाच असते.
हे ऐकतं.
शिदोरी तीन-चार दिवसांची.
तेवढ्यात मूळ गाठलं तर गाठलं.

"आन भुईमुगानं हाक मारली तर?"
तरी उठतं. चाचपडतं, आत शिरता येत नाही, मरतं.
"अशी खोटी हाक वंगाळ," ती म्हणाली,
आणि पुढच्या साली तिथं भुईमूग करायचं ठरवून टाकलं.

"पण हिरवा हाय की रे."
म्हणून तर अर्धपरजीवी. शब्द दोनदा सांगितला.
तिनं खुरपं मांडीवर पुसलं.
"म्हंजे भाकरी स्वतःची थापतोय,
पाणी तेवढं दुसऱ्याच्या आडाचं."
माझ्या प्रबंधाच्या नव्वद पानांत
एवढी नेमकी ओळ नव्हती.
फेलोशिप सात महिने थकलेली.
मी तिच्याच सोप्यात झोपत होतो,
आणि भाकरीसुद्धा तिचीच होती.

दुपारी एकदा तिनं माझा हात धरून
आधी ज्वारीच्या पानावर ठेवला. तापलेलं.
मग टारफुल्याच्या. गार,
माठाच्या बुडासारखं.
एक निळ्या पंखांचं फुलपाखरू
खालच्या पानाला अंडं लावून गेलं.
त्याची पोरं हेच खाणार. तेवढ्यापुरतं तरी
या शेतात टारफुल्याचं कुणीतरी वाट बघणारं होतं.

मला बोंडं पिकेपर्यंत थांबायचं होतं. बी मोजायचं होतं.
तिला ते कसं सांगावं, याचा विचार करत
मी तीन दिवस विद्यापीठात जाऊन आलो.

आलो तर चौकोन मोकळे. सुतळी जाग्यावर,
खुंट्या जाग्यावर, आत नुसती ज्वारी.
बांधावर काळी राख.
मी काही बोलायच्या आत
तिनं कनवटीची दोरी काढून हातात दिली:
दर रोपाला एक गाठ,
विसाला मोठी,
चौकोन बदलला की चिंधी.

रात्री चिमणीखाली गाठी मोजल्या.
माझ्या वहीपेक्षा अकरा जास्त.
"चुकलं असंल कुठं," मी म्हणालो.
"चुकलं नाय. ती वर आलीच नव्हती.
मुळाला धरून पांढरी, आत.
बोटांनी चाचपून काढली."

प्रबंधात आकडा तिचाच घातला.
पद्धत या मथळ्याखाली
काय लिहावं, ते अजून सुचलेलं नाही.