सुई

रुवीतल्या जुमा रियामीनं विचारलं,
"आधी सांग, ऐकतोस काय?"
म्हटलं, एकच तबकडी आहे.
तो हसला नाही. खुर्ची पुढे ओढली.

बेल्टवाली घे म्हणाला,
मोटरची घरघर लांब राहते.
खाली ग्रॅनाइटची लादी, नाहीतर
एसीचा कंप्रेसर थेट खाचेत उतरतो.
एवढं मला कळतं. वीस वर्षं
समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटात
पंपांची थरथरच तर मोजतोय.

सुईपाशी मात्र अडलो.
एक लाघवी : गाणाऱ्या बाईंना पुढे आणणारी,
ओरखडे पोटात घालणारी.
दुसरी दुप्पट महाग, नि चहाडखोर.
धूळ, खरड, कुणी खाकरलेलं,
सगळं सांगणारी.

म्हटलं, ही लाव.

तिसऱ्या मिनिटाला, बाई श्वास घेतात तिथं,
मागे भात्याची बिजागरी करकरली.
वडिलांची पेटी.
वेष्टनावर त्यांचं नाव नाही.

आवाज वाढवू? जुमानं खुणेनं विचारलं.
नको.

आई दर दिवाळीला म्हणायची,
अहो, तेल घाला त्या बिजागरीला.