तिसऱ्या मजल्यावरचं दूध

रात्री दहाला किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावते
आणि ब्रिन अवेल हॉल माझा होतो.
एकशे बारा खोल्या, नऊ स्वयंपाकघरं,
शनिवारी हमखास रुसणारी एक लिफ्ट.

सगळं वहीत लिहायचं असतं.
००.२० — टोस्ट जळला, दुसरा मजला. खिडक्या उघडल्या.
०१.०५ — लिली-मे जिन्यात रडताना. चहा दिला. बोलली नाही. पुन्हा चहा.
०१.४० — तापासाठी गोळी मागितली. गोळी देता येत नाही, नियम आहे.
थर्मामीटर दिला आणि खुर्ची ओढून बसले.
खुर्ची ओढून बसावं असं नियमात कुठे नाही,
बसू नये असंही नाही.

त्याआधी मी बस चालवायचे, बँगोर ते बेथेस्डा,
बावीस वर्षं. आरशात नुसतं बघून कळायचं
कोण आज उतरायचं विसरणार.
इथे आरसा नाही.
इथे फ्रिज आहे.

पोरं दुधाच्या बाटलीवर मार्करने नाव घालतात,
पहिल्या आठवड्यात मोठ्या अक्षरांत, शेजारी हसरा चेहरा वगैरे.
ऑक्टोबर सरता सरता
अनिरचं दूध नऊ दिवस जागचं हललं नव्हतं.
तारीख उलटून गेलेली, साय पिवळी पडलेली,
वर कुणाची तरी चिठ्ठी : कुणीतरी फेका रे हे!
कुणी फेकलं नव्हतं.
कुणी विचारलंही नव्हतं.

तीनदा ठोकायचं. नाव सांगायचं. थांबायचं.
"मेना आहे. रात्रीची."
"बरा आहे," आतून आलं.

बरा.
किती दारं लावून घेतली जातात या दोन अक्षरांनी!
निळा फॉर्म आहे माझ्याकडे, समुपदेशकाचा नंबर आहे,
समुपदेशकाकडे सहा आठवड्यांची यादी आहे,
आणि दाराच्या पलीकडे फक्त आजची रात्र.

चार वर्षांपूर्वी ह्याच मजल्यावर, तीनशे नऊच्या दारात
मी असंच "बरी आहे" ऐकलं,
खाली आले आणि वहीत लिहिलं : सर्व शांत.
ती वही आता कुठल्याशा चौकशीच्या कपाटात आहे.
अक्षर माझंच. वळणदार.

म्हणून म्हटलं,
"शिडी धरायला माणूस हवाय रे.
वरच्या मजल्यावरचा दिवा गेलाय,
एकटीनं चढायची मला मनाई आहे."
थाप नव्हती. दिवा गेलाच होता, आठवडाभर.

बराच वेळ काही नाही.
पाईपमधून कुणाच्या तरी अंघोळीचं पाणी गेलं.
मग कडी.

एका पायात करडा मोजा, एका पायात हिरवा.
केसांना उशीचा आकार.
बाप होलिहेडच्या बोटीवर आहे, हे मागाहून कळलं,
पण शिडी अशी धरली त्यानं दोन्ही हातांनी
की खाली जमीन नव्हे, लाट आहे.

मी वर, तोंड छताकडे. तो खाली.
त्याला माझा चेहरा दिसत नव्हता, मला त्याचा,
म्हणूनच बोलला असेल.
दिवा कधीच बसला होता; मी उगाच पिळत राहिले,
सैल, घट्ट, पुन्हा सैल,
त्याचं सांगून होईपर्यंत.
काय बोलला ते वहीत नाही.
इथेही नाही.

०३.१५ — दिवा बदलला. दोघांनी.

पाळी सहाला संपते. दवाखान्याचा फोन आठला सुरू होतो.
आम्ही स्वयंपाकघरात बसलो, मी कोट घालूनच.
बाहेर सीगल एकमेकांवर खेकसत होते,
कचऱ्याची गाडी येऊन गेली.
आठला एक मिनिट कमी असताना त्यानं नंबर लावला,
फोन टेबलावर उताणा ठेवला.
"रांगेत तुम्ही अकरावे आहात," बाई म्हणाली, मग बासरी.

तो उठला. फ्रिज उघडला,
आपल्या नावाकडे पाहिलं,
नाक दाबून सगळं सिंकमध्ये ओतलं,
बाटली विसळली, दोनदा.

"दहावे आहात," बाई म्हणाली.

चहा काळाच प्यावा लागला.