दोन अंश

केरीच्या सड्यावर सपाट असं काही नाही.
फोंडू च्यारीची पाणसळ बैठकीवर ठेवली
की बुडबुडा समुद्राकडे पळतो.
एका पायाखाली जांभ्याची कपची,
दुसऱ्याखाली फेणीच्या बाटलीचं झाकण, ठेचलेलं.
आला मधोमध. थांब आता तिथेच.

प्लायवूडच्या चकतीभोवती चिकटवलेली अंशांची पट्टी
तीनशे अठ्ठावन्नवरच संपली होती.
उरलेले दोन फोंडूनं आखले,
कानामागच्या जाड सुतारी पेन्सिलीनं.
म्हणाला, लाकूड पावसात फुगतं,
तुझं आभाळ फुगत नसेल.

काजूंच्या शेंड्यांवर, जेमतेम पंधरा अंशांवर, ध्रुव.
नळकांडं उत्तरेला वळवते.
काटा छापील आकडे ओलांडतो
आणि थांबतो
त्या जाड रेघांमध्ये कुठेतरी.