हौद्याचं माप

निपाणीला मोडीत निघालेल्या एका गाडीवरचा
काळा प्लास्टिकचा लायनर
भरमानं अठराशेत आणून दिला.
"बसतंय की गा, हौदा म्हणजे हौदा."

बसला नाही.
पुढं चार बोटं फट,
मागं फाळका लागेना,
आणि चाकांच्या उंचवट्यांवर असा फुगलेला
जसा पंगतीत रुसून बसलेला पाहुणा.

चोर्ला घाटात वळणावळणाला
ढप. ढप.
मागं कोणीतरी बसलंय आणि उतरायचं म्हणतंय.
नाक्यावरच्या पोलिसानं विचारलं, आत काय?
रताळी.
आणि वाजतंय काय?
म्हटलं, माझे अठराशे.

म्हापशाला पोचेस्तोवर
तळातल्या पोत्यांतल्या मालाची सालं निघालेली.
बाईनं एक रताळं उलटंपालटं करून बघितलं,
किलोमागं दोन रुपये कापले,
तोंडानं काही बोलली नाही.

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत
अडिवेप्पा कम्मार.
माझं कन्नड त्याच्या मराठीएवढंच,
बाजारापुरतं, शिव्यांपुरतं,
कोणी आजारी असलं तर चौकशीपुरतं.

टेप त्यानं काढलाच नाही.
चपला काढून हौद्यात चढला,
वितीनं मोजलं,
बोटाच्या पेरानं पत्रा वाजवत गेला
या टोकापासनं त्या टोकापर्यंत.
"गाडी वाकलीय तुझी.
नऊ वर्षं ओझं वाहिलंय तिनं.
कंपनीचं माप आता तिचं तिलाच बसत नाही,
लायनरला कशाला बोलतोस?"

मग पत्रा ठोकून सरळ कर, म्हटलं.
"ब्याड, ब्याड."

दोघांनी मिळून लायनर उचलला.
खाली गंजाची दोन तळी,
कोबीचं काळं पडलेलं पान, सुतळी,
पाच रुपयांचं एक नाणं,
आणि कोपऱ्यात साठलेल्या मातीत
कोंब फुटलेलं रताळं.
वीतभर वेल,
पांढरट, बिनउन्हाची,
चार बोटांच्या त्या फटीकडं निघालेली.

किती वेळा घाट उतरली चढली असेल
कोणाच्या ध्यानीमनी नसताना.

नाणं त्यानं मला दिलं.
वेल ठेवून घेतली,
ऑइलच्या कापलेल्या डब्यात
हौद्यातल्याच मातीसकट.

मग गंज घासला, रेड ऑक्साइड मारलं,
लायनर दुपारभर उन्हात पालथा टाकला
मऊ येईस्तोवर.
"पुढची फट आणि मागची अडचण
दोन नव्हेत. एकच हाय."
उंचवट्याच्या मागची कड चार बोटं कापली,
अख्खा लायनर पुढं सरकवला,
आणि कापलेल्याच तुकड्यानं
पुढं उघडी पडलेली जागा झाकली.
फुगीर कडा गॅसच्या बत्तीनं शेकल्या,
भाकरी शेकावी तशा,
जवळ नाही, लांब नाही,
ओल्या गोणपाटानं दाबत दाबत.
सोल्प... सोल्प...
साकु.

नवं भोक एकही पाडलं नाही पत्र्याला.
जुन्याच भोकांतनं बोल्ट,
खाली सायकलच्या ट्यूबच्या चकत्या.
फक्त मागच्या कोपऱ्यात करंगळीएवढी जागा
त्यानं मुद्दाम मोकळी सोडली.
ही राहिली की, म्हटलं.
"राहू दे. पाणी कुठनं जाईल?"
आणि बघितलं डब्याकडं.

चारशे घेतले.
फाळका एका हातानं लागला.

भरमाचा फोन आला, बसला का गा?
बसवला, म्हटलं.

शुक्रवारी घाटात
पहिल्या वळणाला आवाज नाही,
दुसऱ्याला नाही.
तिसऱ्याला गाडी बाजूला घेतली,
उतरून मागं जाऊन बघितलं,
पोती होती जागच्या जागी,
ताडपत्रीखाली गप्प.
कोपऱ्यातल्या त्या भोकात करंगळी घालून बघितली.
बरोबर बसली.