फोल्कमारची खुर्ची

आधी सरस. कोमट, पातळ,
दुधावरच्या सायीइतकाच थर.
मग चिमूट सोडायची वीतभर उंचीवरून,
केकवर साखर भुरभुरावी तशी.
बोटानं दाबायचं नाही. ही काच आहे.
प्लास्टिकची चमकी दिवसाढवळ्या ओरडते,
ही दिवा येईपर्यंत गप्प बसते.

गिऱ्हाइकांना मी एवढंच सांगते.

आमच्या थुरिंगियाच्या डोंगरात
घरटी एक ज्योत असायची.
आई तिच्यापुढे बसून फुंकायची,
काचेच्या नळीच्या टोकाला तिचा श्वास फुगत जायचा
कबुतराच्या अंड्याएवढा, मग सफरचंदाएवढा.
आतून चांदीचं पाणी फिरवलं
की गोळे खिळ्यांच्या फळीवर वाळत उभे.
धड होते ते कापसात बसून परदेशी जायचे
डॉलर आणायला.
तडकलेले, तिरके, मान मोडलेले, ते आमचे.
आई ते उशीच्या जुन्या खोळीत भरायची
आणि वरून लाटणं फिरवायची.
तो आवाज मला अजून सांगता येत नाही.
गोठलेल्या डबक्यावरून कुणी चालत यावं,
जवळपास तसा. पण तसा नाही.

तीन चाळण्या होत्या.
जाड चुरा पुठ्ठ्याच्या घरांच्या छपरांना,
मधला तारकांना,
आणि पिठासारखा, श्वासाबरोबर छातीत जाणारा,
तो ती बरणीत झाकून ठेवायची.
कुणासाठी, विचारलं तर म्हणायची, बघू.

भाऊ बल्गेरियाला पोहायला गेला
आणि त्याचं पोस्टकार्ड आलं हॅनोव्हरहून.
मागोमाग दोन माणसं आली, करड्या कोटातली.
त्यातला जाडा फोल्कमारच्या खुर्चीत बसला,
दीड तास,
आईनं दिलेली कॉफी पीत,
कुणाकुणाची नावं विचारत.
आईला एकही नाव आठवलं नाही.
माझंसुद्धा.

त्या रात्री तिनं सरस गरम केला.
पाठ, हात, पाय आणि बैठक, अख्खी बैठक,
बरणी रिकामी होईपर्यंत.
पहाटे खुर्ची टेबलापाशी उभी होती
दहिवर पडल्यासारखी.
"आता बसा म्हणावं," आई म्हणाली
आणि हातातली कुसळं काढायला
माझ्यापुढे तळवे धरले.

नऊ नाताळ.
चांदी काळवंडते, विशेषतः स्वयंपाकघरात,
कोबीच्या वाफेनं.
दर डिसेंबरात काळ्यावर नवा थर.
खुर्ची जाड होत गेली.
शेजारची गुडरून म्हणायची, हे काय वेड.
बसायला मात्र स्टूल ओढून घ्यायची.

मग सीमा उघडली
आणि भाऊ आला पिवळ्या गाडीतून,
काखेत अननस, डोक्यावर टक्कल.
आम्ही काही बोलायच्या आत
सवयीनं, न बघता,
तो आपल्या जागेवर बसला.

"ऊठ!"
नऊ वर्षांनी आईचा त्याच्याशी हा पहिला शब्द.

तो उठला. पाठमोरा उभा राहिला, हात वर करून,
जसा सात वर्षांचा असताना चिखलातून आल्यावर राहायचा.
आईनं बाबांचा दाढीचा ब्रश आणला,
खाली वर्तमानपत्र पसरलं
आणि त्याची पँट झाडायला घेतली.
हळू. एकेक शिवण. खिशांचे काठ.
झाडून झालं होतं, तरी झाडत राहिली.
तो पाठमोराच होता, त्याचे खांदे हलत होते,
हसत होता की काय, मला दिसलं नाही.
पडलेली काच तिनं कागदाची घडी करून
बरणीत परत ओतली.
काच वाया घालवायची नसते.

तिसऱ्या दिवशी तो गेला. तिकडे त्याला कामावर जायचं होतं.
मार्चमध्ये फोन आला,
गाडीच्या सीटमध्ये अजून सापडते म्हणे,
घड्याळाच्या पट्ट्यातसुद्धा.
आई म्हणाली, असू दे.

आज कासेलहून एक बाई आल्या, ड्रॉवरचं कपाट घेऊन.
त्यांना ती खुर्ची हवी होती.
म्हटलं, विकायची नाही.
बैठकीवर दोन जागी चमकी उडालीय, त्यांनी दाखवलं,
भरून का घेत नाही?
मी सरस ढवळत राहिले.

"आणि माझं हे कपाट? काळं पडेल का?"
पडेल, म्हटलं.
कोबी जरा कमी शिजवा.