खाते क्रमांक ४४१७

लँकेशायरमधलं हॅस्लवर्थ.
बंद सूतगिरणीच्या पाठीशी काउन्सिलचा पोहण्याचा तलाव :
हिरव्या फरश्या, क्लोरिनचा वास,
आणि माझ्या वयाचा, दम्याने धापणारा बॉयलर.

मी दुसऱ्या मजल्यावर हिशेब लिहिते.
फेब्रुवारीत क्लाइव्ह रॅमस्डेन माझ्या टेबलाशी आला
(भला माणूस, स्वतःचा चहा स्वतः करतो)
आणि म्हणाला, तू घर चालवतेस ना? तसंच हे.
खिशात असेल तेवढंच खर्चायचं.

मला ऐकू आलं :
अंथरूण पाहून पाय पसरावेत.
आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?
आईच्या तोंडची वाक्यं
गोऱ्या माणसाच्या तोंडून बिनचूक आली
की मान आपोआप हलते.
मी रकान्यात शून्य टाकलं.
बचत : तीन लाख बारा हजार पाउंड.

पाणी उपसायला दोन दिवस लागले.
तळाशी सापडल्या केसांच्या सत्तावीस क्लिपा,
एक कवळी,
आणि कुणा पोराने बुडी मारून वर आणायची राहून गेलेली
रबरी वीट.

मग एकेक सुरू झालं.
शॅनन ड्युएर्डन, जीवरक्षक, वय बावीस,
भाड्याची खोली सोडून आईकडे परतली.
घरमालकाने रंगकाम पुढे ढकललं,
रंगाऱ्याने शुक्रवारचे मासे-बटाटे सोडले.
तसाही पिकपच्या दुकानाचा शुक्रवार
ओल्या केसांच्या, भुकेने बावरलेल्या पोरांचाच होता.
टेरेन्स पिकपने आधी बटाट्याची तीन पोती कमी केली,
मग एक कढई,
मग गल्ल्यावरची मुलगी.
बटाटेवाल्याने काय कमी केलं
ते माझ्या वहीपर्यंत आलं नाही.

एक पाउंड पाच हातांतून फिरायचा,
प्रत्येक तळव्यावर थोडी ओल ठेवून.
तो पहिल्याच हातात पडला नाही
तर उरलेले चार
कशाची वाट पाहताहेत हेही त्यांना कळत नाही.

एनिड ऑलरॉइड, वय एक्क्याऐंशी,
दर मंगळवारी गुडघ्यांना पाण्यात फिरवून आणायची.
आता गुडघे दवाखान्याच्या रांगेत.
तो खर्च दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या वहीत,
दुसऱ्या कुणा क्लाइव्हच्या माथी.
शॅननचा बेकारभत्ता तिसऱ्याच.
वह्या एकमेकींशी बोलत नाहीत.

मार्चमध्ये पिकपने शटर ओढलं.
खाते क्रमांक ११०२, दुकानांवरचा कर, जमा बाजू :
तिथेही शून्य टाकायला
माझाच हात होता.

त्या रात्री आईला फोन लावला.
आई, आडात पाणी येतं कुठून?
असं काय विचारतेस, पावसाचं.
आणि आम्ही काठावरच धुणं धुवायचो,
सांडलेलं मुरतंच की खाली.

म्हणजे इतकी वर्षं
तिने मला म्हण अर्धीच शिकवली होती.

सांडलेलं सगळं मुरतं असंही नाही.
चौकातल्या त्या महागड्या कारंज्याने
शेवाळाशिवाय कुणाचं पोट भरलं नाही.
बॉयलर खरंच मरणाला टेकला होता.
क्लाइव्हचा खिसा खरंच रिकामा होता,
मी स्वतः शिवून दिलेला, मला माहीत आहे.

तरी ४४१७च्या समासात
मी पेन्सिलीने लिहीत गेले :
खोली. रंग. पोती. कढई. गुडघे.
बेरीज केली नाही. सगळे आकडे माझ्याकडे नव्हतेच.

जूनमध्ये तपासनीस आला, तरुण, निळ्या चौकटीचा चष्मा.
पानावर बोट ठेवून म्हणाला,
हे डाग कसले?

ओल आहे, मी म्हटलं.
खालून येते.

त्याने छताकडे पाहिलं.